नाळीवर माणूस नव्हता

विमानाला मी घाबरतो हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लपवालपवी नको. अठ्ठावीस वर्षं मी ट्रॉलरवर तांडेल होतो, म्हणजे बोट माझ्या हातात असायची. वादळात सापडून दोन रात्री समुद्रात काढल्यात. पायाखाली पाणी असलं की मला काही वाटत नाही. पायाखाली काहीच नसलं की वाटतं.

शिकलोय सातवीपर्यंत. आमच्या वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, "एवढ्या लांब जाऊन आलात, आमच्या अंकात लिहा. आपल्या वाडीतलं तिकडे कोणी गेलेलं नाही." म्हणून लिहितो. शुद्धलेखन त्यांनी बघावं.

त्या शहराचं नाव लिहिणार नाही, नातीने नको म्हटलंय. उत्तरेकडचं मोठं शहर आहे. तिथे मोठा विमानतळ आहे आणि त्याच विमानतळाच्या एका कडेला विमान चालवायला शिकवणारी शाळा आहे, एवढं तुम्हाला पुरे. माझी नात सायली, माझ्या मुलीची मुलगी, तिथे शिकते. चौथीपर्यंत ती आमच्याकडे मालवणातच होती. आईबाप पनवेलला नोकरीत, आणि पोर आमच्या अंगाखांद्यावर.

माझी बायको गणपतीनंतर गेली. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी खेळ संपला. ती असताना पोरीबद्दल सारखी म्हणायची, "अवो, एकदा चेडवाकडे जावया. ता विमान चालयता कसा ता बघुया." मी म्हणायचो, पावसाळा सरूंदे. पावसाळा सरला की म्हणायचो, दिवाळी होऊंदे. दिवाळी झाली की थंडी. खरी गोष्ट अशी की तिकडे जायचं तर मुलगी विमानाचं तिकीट काढून देणार, आणि मला विमान नको होतं. हे मी तिला कधी सांगितलं नाही. तांडेल घाबरतो असं बायकोला कोण सांगणार? तिला माहीत होतं का कोण जाणे. बहुतेक असणार.

सायली पहिल्यांदा एकटी उडाली तेव्हा हिने फोनवर तिला विचारलं होतं, "वरसून आमचा घर दिसता काय गो?" सायली हसली, म्हणाली, आजी, मी हजार मैलांवर आहे. ही म्हणाली, "मगे काय झाला? तू उंच आसस मां?"

कुडाळ स्टेशन

जानेवारीत एका दुपारी सायलीचा फोन आला.

"आबा, मी एका मोठ्या विमानाच्या समोर गेलंय."

"समोर म्हणजे?"

"समोर म्हणजे समोर. माणसांनी भरलेला विमान. उतरत होता. ता वर गेला म्हणान वाचलंव."

"तुका लागला काय?"

"नाय. कोणाकच काय नाय. पण आता माका उडाक देनत नाय. चौकशी चालू आसा."

तिची आई फोनवर एकच सांगत होती, सोड ते आणि घरी ये. सायली घरी येईना. आई रजा नाही म्हणून जाईना. मी म्हटलं, मी जातो. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही? आई असताना कधी गेला नाहीत." बरोबर बोलली. कुडाळला जाऊन गाडीत बसलो. जाताना गाडीच.

बरोबर गुळाचे खाजे घेतले, कुळथाचं पीठ, आमसुलं आणि सुकट. बायकोने पोरीला सुकट पाठवायचं कबूल केलं होतं. पावसाआधी वाळवून डब्यात भरून तिनेच ठेवलं होतं, डब्यावर पोरीचं नाव लिहून. तो डबा मी पिशवीत टाकला आणि पिशवी वरच्या बाकावर. वसई गेल्यावर समोरचे गृहस्थ नाक दाबून बसले. त्यांच्या बाईंनी तिकीट तपासणाऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, "चाचा, इसमें क्या मरा है?"

मी म्हटलं, "झींगा मरा है. सात महिने हुए. अब और नहीं मरेगा."

तो हसला, पण पिशवी दरवाजाजवळ ठेवायला लावली. मग मीही तिच्याजवळ जाऊन बसलो. रात्रभर गाडीच्या दारात, बायकोने भरलेला डबा मांडीवर घेऊन. प्रवासाबद्दल एवढंच. बाकी सगळं खिडकीतून दिसणारं शेत आणि शेतच.

त्या शहरात, पहिला दिवस

थंडी इतकी की माझ्या दोन सदऱ्यांनी काही भागेना. सायलीने स्टेशनवर बघितलं आणि आधी स्वतःचं जाकीट काढून माझ्या अंगावर घातलं. बाहीवर विमानाचं चित्र. एवढा म्हातारा त्या जाकिटात बघून रिक्षावाला मला "कॅप्टन साब" म्हणाला. सायली हसली नाही. तेव्हा मला कळलं की काम मोठं आहे. ही पोर कशावरही हसणारी.

ती आणि आणखी दोन मुली एका घराच्या गच्चीवरच्या खोलीत राहतात. खालच्या घरमालकीण बाईंनी मला जेवायला घातलं. जाड पोळ्या, त्यात बटाटा भरलेला, वर लोण्याचा गोळा. डाळीत हिंग इतका की डोळ्यांत पाणी. नारळाचा पत्ता नाही. मी विचारलं, भात? त्यांनी भात आणला तो वाटीत, औषधासारखा. पण बाई मनाने चांगल्या. आमच्याकडे पाहुण्याला दुसऱ्यांदा वाढताना विचारतात. इथे विचारत नाहीत, ताटावर हात धरला तर हातावर वाढतात.

जेवून गच्चीत गेलो. वर आकाशात बघितलं आणि माझी नजर थांबेचना. पाच-पाच मिनिटांनी मोठं विमान उतरत होतं, चाकं खाली सोडून, घारीच्या पायांसारखी. आणि त्याच आकाशात, जरा बाजूला, लहान विमानं घिरट्या घालत होती. आमच्या होडीच्या इंजिनासारखा त्यांचा आवाज. मी म्हटलं, "गो, ह्यो एकच रस्तो दोघांकय?"

"रस्ते वेगळे आसत, आबा. दिसनत नाय इतकाच."

खाजे दिले ते तिने खाल्ले नाहीत. सुकटाचा डबा उघडून नुसता वास घेतला आणि झाकण लावलं.

दुसरा दिवस

सकाळी तिला शिकवणारे साहेब भेटले. वायुदलातून निवृत्त, मिशा पांढऱ्या, बोलणं कमी. मला शाळेच्या कँटीनमध्ये बसवून चहा दिला. माझं हिंदी मुंबईच्या गोदीतलं, तरी त्यांना कळत होतं. मी विचारलं, काय झालं ते मला समजेल असं सांगा.

त्यांनी चहाचा ग्लास उचलला. "ये बड़ा वाला है. ऐसे ढलान से उतरता है." ग्लास टेबलावर तिरका सरकवत आणला. मग काडेपेटी उचलली. "ये आपकी बच्ची." टेबलावर एक चमचा आडवा ठेवला. हा रेल्वेचा रूळ. लहान विमानांनी रुळाच्या या बाजूला राहायचं. पलीकडे मोठ्यांची उतरण. सायली एकटी सरावाला गेली होती. काडेपेटी चमच्यावरून पलीकडे गेली आणि ग्लासाच्या खाली आली.

"कितना नज़दीक?" मी विचारलं.

त्यांनी बाहेर उभ्या असलेल्या लहान विमानाकडे बोट केलं. अशी चार-पाच विमानं एकावर एक ठेवली तर जेवढी उंची होईल तेवढं अंतर. मोठ्या विमानात एक यंत्र असतं, ते ओरडलं, म्हणून वैमानिकाने नाक वर उचललं. आत दीडशेवर माणसं. त्यांतल्या बहुतेकांना वाटलं असेल, उतरता उतरता वर का गेलो?

"टॉवर से किसीने बोला नहीं?"

"दो बार बुलाया. जवाब देर से आया."

मग त्यांनी खिशातून एका कागदाची प्रत काढली. सायलीने लिहून दिलेली हकिगत. धुरकट हवा होती आणि वाऱ्याने ढकललं, असं तिने लिहिलं होतं. साहेब म्हणाले, "धुंध थी, मानता हूँ. हवा उस दिन थी ही नहीं. पत्ता नहीं हिल रहा था." कागद परत खिशात ठेवला. "काका, ग़लती सबसे होती है. झूठ वाला मैं ऊपर नहीं भेजना चाहता. कल सुबह दस बजे तक बदलना है तो बदल दे."

"सच लिखेगी तो रहेगी?"

"मालूम नहीं. झूठ लिखेगी तो जाएगी. ये मालूम है."

माणूस सरळ. त्याचा मला राग आला नाही.

दुपारी गच्चीत ऊन होतं. मुलींचे कपडे वाळत घातलेले. मी सायलीला म्हटलं, "वारो नव्हतो म्हणतत तुझे सायब."

ती दोरीवरचे चिमटे नीट करत राहिली. मग म्हणाली, "नव्हतो."

"मगे?"

"सांगलंय तर तुमका वायट वाटतला."

"माका आता आणखी काय वायट वाटाचा रवलासा?"

तेव्हा तिने सांगितलं. ते ऐकण्याआधी तुम्हाला आमच्या धंद्यातली एक गोष्ट माहीत हवी. समुद्रात रस्ता नसतो. म्हणून आम्ही खूण धरतो. किनाऱ्यावरची जवळची एक वस्तू आणि तिच्या मागची लांबची एक वस्तू एका ओळीत आणायची. चर्चचा मनोरा आणि त्याच्या मागे डोंगरावरचं एकटं झाड. दोन्ही एकावर एक दिसली की समजायचं, आपण बरोबर वाटेवर आहोत. मनोरा झाडाच्या उजवीकडे सरकला की आपण भरकटलो. आता बोटीत यंत्रं आली, पण खुणेला बॅटरी लागत नाही. सायली सहा-सात वर्षांची असताना मी तिला वाळूत शंख मांडून हे शिकवलं होतं. तिच्या आजीसमोर. पोर एका दिवसात शिकली. मी वाडीभर सांगत फिरलो.

सायली म्हणाली, "आबा, थंय एक पांढरी पाण्याची टाकी आसा आनि मागे टेकडीर देऊळ आसा. दोन्ही एका ओळीत धरली की रेल्वेच्या अल्याडच रवतंय. कोणी शिकवक नाय, माजा मीच शोधलंय. गेले दोन महिने तसाच जातंय. यंत्राकडे सारख्या बघूचा लागणा नाय. सर म्हणत, तुजी लायन सरळ येता." तिने एक चिमटा काढून परत लावला. "त्या दिसा धुरकट होता. पांढरी टाकी दिसली, देऊळ दिसला, ओळ धरलंय. पण ती टाकी दुसरीच होती. नवीन बांधलेली. टॉवरवाल्यान हाक मारल्यान ती माका आयकाक इली. पण म्हटलंय, ओळ नीट जुळांदे, मगे उत्तर देतंय. मान वर केलंय तर विमानाचा पोट. चाका. आबा, चाकांचे टायर पण दिसले माका."

मी खाली बसलो. तिथेच, फरशीवर.

"ह्या कसा लिवू?" ती म्हणाली. "लोक हसतले. आजोबांनी वाळूत शिकवलेल्या खुणेर विमान चालयता म्हणान. आनि तुमचा नाव मदी येतला."

पोरीने खोटं लिहिलं ते स्वतःसाठी नव्हे, माझ्यासाठी. आणि तिला हे माहीत नव्हतं की मी तिला शिकवलं होतं ते अर्धंच.

उरलेलं अर्धं मी त्या गच्चीत सांगितलं. एवढ्या वर्षांत, बायको सोडली तर, पहिल्यांदा. इथेही लिहितो. वाडीतले वाचतील, वाचूंदेत.

खूण धरणारा माणूस किनाऱ्याकडे बघत असतो, पुढे बघत नाही. म्हणून नियम असा की बोटीच्या पुढच्या टोकावर, ज्याला आम्ही नाळ म्हणतो, तिथे एक माणूस बसवायचा. त्याने फक्त पुढे बघायचं आणि ओरडायचं. नाळीवर माणूस नसेल तर खूण धरायची नाही. हे खुणेतलंच अर्धं आहे. चाळीसेक वर्षांपूर्वी एका धुक्याच्या सकाळी मी बंदरात परत येत होतो. थंडी होती. नाळीवरच्या माणसाला मीच मागे बोलावून चहा करायला बसवलं. मनोरा आणि झाड नुकतं धुक्यातून दिसायला लागलं होतं, माझी मान तिकडे. पुढून कोणीतरी हाक मारली. मला वाटलं, मासळी काय गावली ते विचारतोय. आम्ही असे लांबून विचारतो. मी ओळ सोडली नाही.

ती आंतोनची होडी होती. आंतोन आमच्या पलीकडच्या वाडीतला, एकटा होडी घेऊन जाळं टाकणारा. माझी ट्रॉलर त्याच्या हातभर अंतरावरून गेली. त्याचं एक वल्हं मोडलं, तो पाण्यात पडला. मी मागे वळून बघितलं, तर तो होडीची कड धरून वर चढत होता. जिवंत होता. आणि मी थांबलो नाही. बंदरात कोणी विचारलं नव्हतं तरी सांगितलं, आज पाण्याची ओढ फार होती, धुकं होतं. आंतोन एका वल्ह्यावर दुपारी परत आला. बोट कोणाची ते धुक्यात दिसलं नाही, असं त्याने सांगितल्याचं कानावर आलं. मी ते धरून चाललो.

बायकोने त्याच दिवशी माझं तोंड बघून ओळखलं. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "जावा आनि सांगा तेका." मी म्हटलं, उद्या. पुढच्या आठवड्यात. मग ते राहून गेलं. पण वाळूत पोरीला मी खूण शिकवत होतो तेव्हा तिने चुलीकडून हाक मारली होती, "अवो, चेडवाक सगळा सांगा. अर्धवट सांगू नकात." मी म्हटलं, "तू भाकरी बघ." नाळीवरच्या माणसाचं सांगायचं तर पोरीने विचारलं असतं, तो नसला तर काय होतं? म्हणून मी तो भागच गाळला.

सायली ऐकत होती. डोळे पुसून म्हणाली, "पण आंतोनमामाकडसून तर दर नाताळाक नेवऱ्यो येतत आमच्याकडे."

"येतत."

"आनि तुमी खातास?"

"खातंय."

वरून एक मोठं विमान उतरत गेलं. आम्ही दोघांनी मान वर केली. या वर्षी नेवऱ्या, म्हणजे करंज्या, आल्या नव्हत्या. घरात दुःख म्हणून पाठवल्या नसतील असं मी धरलं होतं.

"लिव," मी म्हटलं. "माझा नाव घालून लिव. अर्धा शिकवल्यान म्हणान लिव."

तिने त्याच दुपारी लिहिलं. मी कुळथाची पिठी केली, त्यात सुकट टाकलं. तिच्या मैत्रिणींनी आधी खिडक्या उघडल्या आणि मग पातेलं पुसून खाल्लं. सायली पहिल्यांदा पोटभर जेवली. डबा धुतला नाही. म्हणाली, नाव पुसलं जाईल.

तिसरा दिवस

दहाला पाच मिनिटं कमी असताना कागद दिला. साहेबांनी उभ्याउभ्या वाचला, मग खुर्ची ओढून परत वाचला. माझ्याकडे बघून म्हणाले, "तरकीब आपकी है?"

"जी. आधी तरकीब, पूरी नहीं."

"अच्छी है, काका. समंदर में रखिए."

मग सायलीकडे वळून इंग्रजीत खूप वेळ बोलले. तिची मान खाली, पण पाठ सरळ होती. बाहेर आल्यावर तिने सांगितलं. शाळेतून काढणार नाहीत. तीन महिने एकटीने उडायचं नाही. शेजारी साहेब बसणार. परीक्षा पुन्हा. कागद वर जाणार, तिथून आणखी काय येईल ते सोसायचं. आणि ती टाकी, ते देऊळ सगळ्या पोरांना दाखवून सांगायचं काम तिचंच, की मी इथे कशी चुकले.

"सगळ्यांसमोर?" मी म्हटलं.

"सगळ्यांसमोर." मग, "आबा, तुमी आंतोनमामाक सांगतल्यात?"

वीस वर्षांची पोर. तिने एका दिवसात केलं ते मला जमलं नव्हतं.

परत

येताना विमानाने आलो. सायलीने तिकीट काढून हातात दिलं. "खिडकी आसा. आजी असती तर तुमका खिडकी गावाची नाय."

तपासणीत माझी आमसुलं उघडून बघितली. पोलीस बाईंनी एक तोंडात टाकलं आणि तोंड वाकडं केलं, तरी दुसरं मागून घेतलं.

विमान धावायला निघालं तेव्हा खिडकीतून शाळेची लहान विमानं दिसली, धक्क्याला लावलेल्या होड्यांसारखी, एका रांगेत थांबलेली. मोठ्याला जाऊ देत होती. मग पायाखालचं गेलं. मी समोरच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली. शेजारी एक तरुण बाई होत्या, नाशिककडच्या. म्हणाल्या, "काका, पहिल्यांदा?"

"पहिल्यांदा. आणि उशिरा."

जरा सरळ झाल्यावर मी खिडकीला नाक लावलं. सायलीने सांगितलं होतं की या वेळेला शाळेची तीन विमानं हवेत असतात. माझी नजर अजून बरी आहे. पाण्यावर कोसभर लांब पक्षी बसला तर खाली मासळी आहे की नाही ते मी सांगतो. मी रेल्वेचा रूळ शोधला, सापडला. पांढरी टाकी सापडली. दुसरी पांढरी टाकी सापडली. देऊळ दिसलं. तीन विमानांतलं एकही दिसलं नाही.

"काय शोधताय, काका?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

"लहान विमान."

त्यांनीही वाकून बघितलं. "नाही हो दिसत काही."

"नाहीच दिसत," मी म्हटलं.

तेव्हा मला ट्रॉलरच्या सुकाणूमागून दिसणारा समुद्र आठवला. उंचावरून मोकळा, सपाट, कोणी नसल्यासारखा. आणि त्यात एक माणूस वल्हं धरून उभा, ओरडतोय. खालून सगळं दिसतं. पोट दिसतं, टायर दिसतात.

गोव्यात उतरलो. बांद्याला एसटी बदलली. तिथे बाजारात एक बाई नेवऱ्या विकत होती. मी घेतल्या नाहीत.

आंतोनच्या दारात

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून गेलो. हातात एक नारळ आणि तिकडच्या बाईंनी दिलेली गजक, म्हणजे तिळगुळाची चिक्की. आंतोन अंगणात जाळं शिवत बसला होता. ऐंशीला टेकलाय. एका कानाने ऐकू कमी येतं.

"आंतोन, आसस काय रे?"

"आसंय. मराक सवड गावाक नाय. कोण तो? तू? मेल्या, तू तर विमानातसून इलस म्हणतत! उलटी केलस काय?"

"नाय."

"मगे विमान खराब होता."

मी उभाच होतो. बसलो असतो तर बोलणं राहिलं असतं. उभ्याने सगळं सांगितलं. धुकं, चहा, हाक, वल्हं. मागे वळून बघितलं ते. थांबलो नाही ते. त्याची सुई जाळ्यात चालूच होती. मला वाटलं त्याला ऐकू आलं नाही. म्हणून दुसऱ्या कानाकडे जाऊन पुन्हा सांगायला लागलो.

"आयकलंय, आयकलंय," तो म्हणाला. "दोनदा कित्याक? झाला सांगून?"

"झाला."

"चाळीस वर्सा लागली रे तुका."

"लागली. चुकलंय आंतोन."

त्याने दात लावून दोरा तोडला. "माका म्हायत होता."

"बोट बघितलंस तू?"

"धुक्यात काय बघतलंय? तुजी बायल इल्ली. त्याच सांजेक. हंयच उबी रवान रडली. माका म्हणाली, आंतोनभाव, तेंच्या हातसून झाला. ते सवता येतले सांगूक, तवसर तुमी कोणाकडे बोलू नकात. मी म्हटलंय, बरा." त्याने सुईत नवा दोरा घातला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा ओवला. "मगे दर नाताळाक ती नेवऱ्यांची बशी न्हेवक ये. बशी घेताना इचारी, इल्ले काय? मी सांगी, नाय गो बाय. ती म्हणायची, येतले."

मी नारळ आणि गजक त्याच्याजवळ खाली ठेवली.

"ह्या नाताळाक माज्या सुनेन नेवऱ्यो केल्यान. बशी भरून ठेवलंय. न्हेवक कोण इला नाय." त्याने जाळ्यावरून मान वर केली. "बस मां रे. उबो कित्याक?"

मी बसलो नाही. मला घाई झाली होती. आंतोनला सांगून आलो, हे घरी जाऊन बायकोला सांगायचं होतं. मी फाटकापर्यंत गेलो, कडी काढली.

मग कडी परत लावली आणि येऊन बसलो.